दीड इंचाची मोकळी चाल

जालन्याच्या काकांचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. "भाऊ, रेस अडकायलीय. काल दौलताबादच्या घाटात नात बाजूला बसलेली, मी पाय उचलला तरी गाडी वरडतच ऱ्हायली." आवाज अजून कापत होता. त्यांनी क्लच दाबला, चावी बंद केली आणि घाटातल्या दगडी दरवाजाच्या अलीकडं गाडी कशीबशी कडेला घेतली. मी म्हणालो, काका, चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा.

गाडी ट्रायम्फ टीआर-फोर. हे मॉडेल इंग्लंडात १९६१ ते १९६५ या काळात बनलं. काकांच्या वडिलांनी ती मुंबईहून घेतलेली. चिकलठाण्याच्या आमच्या शेडमध्ये बॉनेट उघडलं, तसे आमचे चाचा इंजिनावर वाकले आणि म्हणाले, "साहब, ये तो फर्ग्युसन का भाई है." चाचांनी तरुणपणी ट्रॅक्टरच खोलले आहेत, आणि ते बरोबर बोलले होते. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीचं हे वेट लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या थेट पाण्यात बसवलेलं, चार सिलिंडरी इंजिन; त्याच घराण्यातलं इंजिन जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला बसायचं. टीआर-फोरमध्ये ते २१३८ सीसीचं झालं, एवढंच. शेतातून आलेलं इंजिन स्पोर्ट्स कारच्या पोटात बसलंय, हे मला फार आवडतं.

पण दुखणं इंजिनात नव्हतं. आधीच्या एका मिस्त्रीनं रेसचं पेडल मागं ओढणारी स्प्रिंग ढिली पडली असं ठरवून दुप्पट कडक स्प्रिंग लावली होती. मी चाचांना ड्रायव्हरच्या दाराशी बसवलं, पेडल हातानं हळूहळू दाबायला सांगितलं, आणि स्वतः कार्ब्युरेटरची झडप फिरवणाऱ्या दांडीवर, स्पिंडलवर, नजर ठेवली. पेडल दीड इंच खाली गेलं तरी स्पिंडल हललं नाही. मग एकदम झटक्यानं उघडलं.

या गाडीत ॲक्सिलेटरला केबल नाही. पेडल आडव्या शाफ्टवर, शाफ्टला लिव्हर, लिव्हरला रॉड, रॉडच्या टोकाला बॉल जॉइंट, आणि मग जोड कार्ब्युरेटरची स्पिंडलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं म्हणून मध्ये बॉल जॉइंट हवेच. साठ वर्षांत प्रत्येक सांध्यानं थोडं थोडं खाल्लं होतं. शाफ्ट ज्या ब्रॅकेटांत बसतो त्यांचं भोक लंबगोल झालेलं. शाफ्टला पायरी पडलेली, व्हर्निअरवर ०.६ मिलिमीटर झीज. एका ठिकाणी तर पाव इंचाच्या भोकात कुणीतरी सहा एमएमचा बोल्ट घातला होता, म्हणजे ०.३५ मिलिमीटरचा प्ले, ढिलेपणा, बसवतानाच बहाल केलेला. इंचातल्या गाडीला एमएमचा बोल्ट लावलेला दिसला की मला मनापासून राग येतो. दुकानात जे मिळालं ते घातलं, आणि गाडी मात्र माणूस चालवणार.

अडकणं कुठं होतं, ते सापडायला दुपार झाली. कडक स्प्रिंग तिरकी टांगलेली होती. ती लिव्हरला मागं ओढताना बाजूलाही ओढायची. भोक लंबगोल असल्यानं शाफ्ट कलायचा आणि लिव्हरची कड फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्याच्या काठावर चढून बसायची. एकदा बसली की ओढणारी तीच स्प्रिंग तिला पत्र्यात आणखी दाबून धरायची. मी हातानं तीनदा अडकवून दाखवलं. काका खुर्चीवरून उठून आले, वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्हंजी स्प्रिंग कडक केली म्हणून झालं?" एवढंच विचारलं.

चाचा म्हणाले भोक ब्रेझिंगनं, पितळ वितळवून, भरून घेऊ, तासाभराचं काम. मला ते पटलं नाही. शाफ्ट मूळचा, तो जपायचा. झिजायचं तर भोकात बसवलेल्या बुशनं, धातूच्या कड्यानं, झिजावं, कारण बुश पुन्हा बनवता येतो. पण शाफ्टला पेडलचा पाय वेल्ड केलेला. चकमध्ये धरला की पाय बाहेर फिरणार. चक हातानं फिरवून तो बेडला लागत नाही याची खात्री केली, पायाच्या समोर तोलाला वजन बांधलं आणि लेथ सगळ्यात कमी स्पीडवर चालवला. पायरी मोडून शाफ्ट गोल होईल इतकंच घेतलं, केसभरही जास्त नाही. मग त्याच मापावर फॉस्फर ब्राँझचे दोन बुश काढले. दोन्ही ब्रॅकेट गाडीवर बसवूनच लांब रीमर, भोक अचूक मापाचं करणारं हत्यार, एकदम आरपार नेला. वेगवेगळे रीम केले असते तर शाफ्ट दोन बुशांत पिळला गेला असता. तेल लावून शाफ्ट सरकवला, पेडल आपल्याच वजनानं खाली आलं. त्या क्षणी चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाकीचं काम भराभर झालं. बॉल जॉइंट नवे, बोल्ट यूएनएफचे, म्हणजे इंचातल्या बारीक आट्यांचे, स्प्रिंग दोन आणि दोन्ही हलक्या: एक पेडलकडं, एक कार्ब्युरेटरकडं, दोन्ही सरळ ओढीच्या. एक तुटली तर दुसरी रेस बंद करेल. पेडलखालचा स्टॉप मात्र मी तीनदा लावला. कार्ब्युरेटरची झडप, बटरफ्लाय, पूर्ण उघडली की पेडल त्याच वेळी स्टॉपला टेकलं पाहिजे, नाहीतर पायाचा सगळा जोर स्पिंडलवर जातो आणि मग तिथून हवा शिरायला लागते. शेवटी चालू इंजिन दोन्ही हातांनी हलवून बघितलं. रेस वर-खाली झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला बाजूला बसवून गाडी खुलताबादच्या दिशेनं नेली आणि तिथून परत फिरवली. घाट उतरताना दरवाजाच्या अलीकडं, बरोब्बर त्याच जागी, त्यांनी पाय उचलला. काटा खाली आला, इंजिन शांत झालं, आणि खालच्या वळणावरचा टेम्पो हॉर्न देत गेला तोही ऐकू आला. काका स्टिअरिंग धरून समोर बघत होते. दरवाजातून पार झाल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"भाऊ, वळवू का परत? अजून एकदा उतरू."