वॉरिक रोडवरून ब्रंटन पार्कला

मँचेस्टरहून निघालेली गाडी प्रेस्टन, लँकेस्टर, पेनरिथ करत कार्लाइलला पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. नोव्हेंबरातला शनिवार, बारीक पाऊस. स्कॉटलंडची हद्द इथून जेमतेम दहा मैलांवर. बाहेरचे लोक या गावात उतरतात ते हेड्रियनची भिंत आणि लाल दगडातला किल्ला बघायला. किल्ल्याला मी बाहेरूनच एक फेरी मारली. मला तीनच्या मॅचला ब्रंटन पार्क, म्हणजे कार्लाइल युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान, गाठायचं होतं.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी फुटबॉलची मॅच असली की आमच्या पेठेत दुपारी चूल सुद्धा लवकर विझायची, सगळी मंडळी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. शाळेच्या टीममध्ये मी गोली, म्हणजे गोलकीपर होतो. चुकला की सगळ्यांना आठवतो, नाहीतर कुणाला नाही, असा हा एकच खेळाडू. म्हणून इथं खेळून गेलेल्या जिमी ग्लास या गोलीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून हे मैदान डोक्यात होतं.

स्टेशनपासून वॉरिक रोडनं पंचवीस मिनिटं चाललं की मैदान येतं. दोन्ही बाजूंना विटांची जुनी घरं, आणि ही सगळी घरं दोनदा पाण्यात गेलेली, 2005 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2015 मध्ये. दुसऱ्या वेळी पाणी गोलपोस्टच्या आडव्या दांडीपाशी पोचलं होतं. 2019 चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्या भिंतींजवळून नुसतं चालत जाता येत नाही. पाय थांबतातच.

मैदानाच्या दाराशी ह्यू मॅकिल्मॉयल या जुन्या स्ट्रायकरचा पुतळा आहे. आत उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. सारण भरलेली गरम पाई हातात घेऊन मी त्या पायऱ्यांवर, पॅडॉकमध्ये, एका सत्तरीच्या गृहस्थांशेजारी उभा राहिलो. कुठून आलात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि कशासाठी आलो तेही. त्यांनी काही न बोलता समोरच्या गोलकडे बोट केलं. "तिथं. मी इथंच होतो."

8 मे 1999. सीझनची शेवटची मॅच, समोर प्लिमथ अर्गाइल. 1928 पासून फुटबॉल लीगमध्ये असलेला कार्लाइलचा क्लब तळाला. तळाचा क्लब लीगबाहेर जाणार, त्यामुळे जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही. क्लबचा नेहमीचा गोली विकला गेलेला, त्याच्या जागी उसना आणलेला दुसरा गोलीही परत गेलेला. उसनवारीची मुदत उलटून गेल्यावर लीगची खास परवानगी काढून स्विंडन टाउनचा जिमी ग्लास आणला, तीन मॅचपुरता. ही त्याची तिसरी. स्कोअर 1-1, नव्वद मिनिटं संपलेली. तिकडे तळ टाळायला झगडणाऱ्या दुसऱ्या क्लबची, स्कारबरोची, मॅच बरोबरीत संपली होती आणि आपण वाचलो म्हणून त्यांचे लोक मैदानात नाचत होते. कार्लाइलला कॉर्नर मिळाला. मॅनेजर नायजेल पिअरसननं हात केला, ग्लास पूर्ण मैदान पळत पुढे आला. स्कॉट डोबीचा हेडर प्लिमथच्या गोलीनं परतवला, बॉल समोर पडला आणि ग्लासनं उजव्या पायानं तो जाळीत घातला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "शेजारच्याला मिठी मारली. तो कोण होता ते अजून ठाऊक नाही."

ही गोष्ट सगळीकडे इथंच संपवतात आणि ते मला खटकतं. वर्षभर आधी, एप्रिल 1998 मध्ये, हाच ग्लास बोर्नमथकडून वेम्बलीवर कप फायनल खेळला होता. ग्रिम्सबीविरुद्ध बॉल त्याच्याच अंगाला लागून गोलमध्ये गेला आणि बोर्नमथ हरलं. आणि कार्लाइलच्या त्या गोलनंतर? कार्लाइलनं त्याला कायमचं घेतलं नाही. केंब्रिज युनायटेड, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड, बरेच दिवस बाकावर, आणि सत्ताविसाव्या वर्षी लीगचा फुटबॉल संपला. पुढे त्यानं डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली. नंतर बोर्नमथ क्लबनंच त्याला खेळाडूंच्या अडीअडचणी बघायच्या कामावर घेतलं.

खालच्या डिव्हिजनमधलं आयुष्य हे असंच असतं. करार एक-दोन वर्षांचे. मे महिन्यात क्लब खेळाडूला सोडून देतो, जुलैच्या आत दुसरा शोधायचा, नाहीतर बॅग घेऊन तीन आठवड्यांसाठी अनोळखी गावी जायचं आणि नावंही नीट ठाऊक नसलेल्या बचावफळीमागे उभं राहायचं. ग्लास त्या दिवशी धावला याचं मला कौतुक आहेच. पण वेम्बलीनंतर वर्षभरात, दुसऱ्यांच्या गावचा क्लब वाचवायला तो आला, मला त्याचं जास्त वाटतं.

स्कारबरोचं सांगायला हवं. ते लीगबाहेर गेले आणि 2007 मध्ये क्लबच बंद पडला. कार्लाइलही पुढे 2004 मध्ये खाली गेलं, वर्षभरात परतलं, आणि 2025 मध्ये पुन्हा खाली. म्हणजे मी जी मॅच बघत होतो ती पाचव्या पायरीवरची, नॅशनल लीगमधली. पायऱ्यांवरच्या लोकांच्या आवाजावरून ते कळलं नसतं.

शेवटच्या मिनिटांत यजमानांना कॉर्नर मिळाला. शेजारच्या गृहस्थांनी समोरच्या गोलकडे पाहिलंच नाही. मान वळवून ते लांबच्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या आपल्या गोलीकडे बघत होते. मीही तिकडेच बघत होतो. तो पोरगा हाफलाइनपर्यंत आला, थांबला, हातमोजे घट्ट केले आणि बॉल बाहेर गेल्यावर पावसात उलटा पळत आपल्या जागी गेला.