पांढरी एक

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीचा सूर कोण धरतो याला फार महत्त्व आहे. पेटीवर गेली कित्येक वर्षं तळमजल्यावरचे काका बसतात. यंदा पहिल्याच दिवशी त्यांनी कुणाला काही न सांगता पांढरी चार ही पेटीची पट्टी सोडली आणि थेट त्याहून बऱ्याच खालच्या पांढरी एकला सूर दिला. पोरासोरांना काय झालं ते कळलं नाही, त्यांना नुसतं आरती जरा जड झाल्यासारखं वाटलं. मी मात्र मनातल्या मनात काकांचे पाय धरले. विठ्ठलाच्या ज्या आरतीत एकच अक्षर श्वास संपेपर्यंत ताणायचं असतं, तिथं गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, आणि बायकोनं प्रसादाचं ताट सोडून माझ्याकडे पाहिलं होतं.

पेटीचा भाता लावताना काका एवढंच म्हणाले, "उतरवली बाबा." माळ्यावरची बॅग उतरवल्याचं सांगावं तसं.

पट्टी उतरवणं, म्हणजे गाण्याचा मूळ सूर खाली आणणं, हा आपल्याकडे कुजबुजीचा विषय. मैफलीत मागच्या रांगेत कुणीतरी जाणकार असतोच. तंबोरे लागले की तो शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, "पूर्वी काळी दोनला गायचे हं." पुढे दोन तास बुवा काय गातात याच्याशी मग त्याला फारसं कर्तव्य नसतं. पहिल्याच मिनिटाला त्याला हवं ते सापडलेलं असतं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिचा अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा व्हिडिओ पुन्हा लावला. आमच्या पिढीतल्या काही जणांना हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॅसेटमुळे ही मंडळी भेटली आणि मग सुटलीच नाहीत. जोनी, बॉब डिलन, लेनर्ड कोहेन, सगळी आपली गाणी आपणच लिहून गाणारी. आता सगळे आजोबा-आजी आहेत, कोहेन तर गेलाही, तरी तोंडात एकेरीच येतं. गाणाऱ्या माणसाला आपण अहोजाहो करतो ते त्याच्या समोर. घरी तो आपलाच असतो.

तर जोनी. 2015 साली तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बोलणं, चालणं सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. गिटारही. त्यासाठी ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघायची, आपली बोटं कुठं पडायची ते पाहायला. स्वतःचीच शागिर्दी! जुलै 2022 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात कसलीही जाहिरात न करता तिला मंचावर आणलं. याआधी ती तिथं गायली होती 1969 मध्ये. या वेळी वय 78, बसायला भलीमोठी खुर्ची, भोवती तरुण गायक-वादकांचं कोंडाळं. त्या कोंडाळ्यात बसून ती 'बोथ साइड्स नाऊ' गायली. मागे बसलेली एक नावाजलेली गायिका चक्क रडत होती, आणि कॅमेरा तिच्यावरून हलायला तयार नव्हता.

हे गाणं जोनीनं 1967 मध्ये लिहिलं, तेविसाव्या वर्षी. विमानात बसली होती, खिडकीतून खाली ढग दिसले. ढग दोन्ही बाजूंनी पाहिले, प्रेम पाहिलं, आयुष्य पाहिलं, तरी उलगडा काही झाला नाही, असा त्याचा एकूण सूर. "तेविसाव्या वर्षी हिला हे कळलं कसं?" असं याबद्दल सगळेच म्हणतात. मला त्यात विशेष काही वाटत नाही. तेविसाव्या वर्षी आपल्या सगळ्यांचंच आयुष्य दोन्ही बाजूंनी बघून झालेलं असतं. मौज आहे ती पट्टीत. तेव्हाचा तिचा आवाज पतंगासारखा. ढग हा शब्द आला की तो सुटायचाच वर. न्यूपोर्टच्या व्हिडिओत तोच आवाज इतका खाली आलाय की शब्द उडत नाहीत, एकेक करून टेकवल्यासारखे येतात. तेव्हा ते गाणं ढगांच्या वरून ऐकू यायचं, आता जमिनीवरून येतं. मान वर करून बघणाऱ्या माणसाचं.

आणि तिला हे तडजोडीचं अंग नवं नाही. नवव्या वर्षी पोलिओ झाला, त्यातून डावा हात कमजोर राहिला. गिटारवर नेहमीचे कॉर्ड धरायला जड जायचं, म्हणून तिनं तारांचेच सूर बदलून घेतले. बोट वाद्याला जुळेना तर वाद्य बोटाला जुळवलं. पुढे याच उलट्यासुलट्या जुळवणीतल्या सुरावटींवर लोक फिदा झाले.

कीथ रिचर्ड्सचंही आता तसंच. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या रॉक बँडमधल्या या गिटारवाल्या बहाद्दराच्या बोटांना संधिवातानं गाठलंय. पण त्याचं म्हणणं असं, की एखादी जागा पूर्वीसारखी घेता आली नाही की गिटारच दुसरी वाट दाखवते. या माणसानं आयुष्यात जे जे केलंय ते पाहता त्याला आठवण उरली आहे हेच नवल. त्यानं गिटारचं ऐकायचं ठरवलं असेल तर मी कोण बोलणार? त्याच बँडचा गायक मिक जॅगर, त्याची बातच वेगळी. 2019 मध्ये हृदयाच्या झडपेवर उपचार झाले, दौरा पुढे ढकलावा लागला, आणि काही आठवड्यांत गडी शिकागोच्या मंचावर हजर. 2003 मध्ये हीच मंडळी मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर येऊन गेली तेव्हा "आता शेवटचंच बघून घ्या" असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. तेव्हा जॅगर साठीलाही पोचला नव्हता! त्यानंतर वीस वर्षांनी, 2023 मध्ये, त्यांनी नव्या गाण्यांचा अल्बम काढला. त्यापाठोपाठच्या 2024 च्या अमेरिका दौऱ्याचं प्रायोजकत्व होतं पन्नाशी ओलांडलेल्यांच्या तिथल्या सर्वांत मोठ्या संघटनेकडे. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघानं मोर्चा काढावा आणि पुढे ढोलताशा पथक नाचावं, आणि पथकातले सगळे मोर्चातल्यांपेक्षा वयानं मोठे असावेत, तसला प्रकार.

म्हातारपणीचं सगळंच गाणं चांगलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. काही जण विशीतल्या पट्टीला असे चिकटून बसतात की ऐकवत नाही. वरचा सूर जवळ आला की माईक हळूच प्रेक्षकांकडे फिरतो, "यू सिंग!" प्रेक्षकांना वाटतं आपला मान केला. बुवांचं काम भागतं.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो लेनर्ड कोहेन. पहिला अल्बम काढला तेव्हाच तेहेतीस वर्षांचा होता, म्हणजे त्या धंद्यात निवृत्तीचंच वय. आधी कवी, मग गायक. पुढे कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर एका झेन बौद्ध मठात जाऊन राहिला, दीक्षाही घेतली. 1999 मध्ये तो मठ सोडून आला, आणि आला कुठं? मुंबईला! रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर बसून अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते बाळसेकर परदेशी मंडळींना इंग्रजीत सांगत. महाराजांचं स्वतःचं विड्यांचं दुकान होतं. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा, सकाळी बाळसेकरांच्या घरी बसायचा आणि पोहायला ब्रीच कँडीला जायचा. वर्षानुवर्षं मानगुटीवर बसलेली उदासी त्याच काळात ओसरली, असं त्यानं पुढे सांगितलं. बँकेतल्या माणसानं दिलेली इतकी मोठी सूट दुसरीकडे ऐकिवात नाही.

त्यानंतर खरी बँक आडवी आली. आपल्या म्हातारपणाची पुंजी आपल्याच व्यवस्थापिकेनं संपवल्याचं कोहेनला कळलं. कोर्टात निकाल त्याच्या बाजूनं लागला, पैसे आले नाहीत. मग पंधरा वर्षांत दौरा न केलेला हा माणूस 2008 मध्ये, 73 व्या वर्षी, पोटापाण्यासाठी पुन्हा उभा राहिला. लंडनच्या कार्यक्रमात लोकांना म्हणाला, मागच्या वेळी इथं आलो तेव्हा साठीचा होतो, डोक्यात वेडी स्वप्नं असलेलं पोरगंच. त्या दौऱ्याचं चित्रण मी किती वेळा पाहिलंय याला गणती नाही. अंगात सूट, डोक्याला हॅट, सोबतच्या वादकानं तुकडा वाजवला की हॅट काढून छातीशी धरायची, अन् सतारीला दाद द्यावी तशी मान लववायची. मधूनच गुडघे टेकायचे, मग उठायचं. आवाज तर पांढरी एकच्याही खाली, विहिरीच्या तळाशी. गातोय की बोलतोय हे ठरवणंही अवघड. या आवाजाचं श्रेय तो सिगारेटी नि व्हिस्कीला द्यायचा. माझे वडील एकदा ते ऐकून म्हणाले, "हा गात नाहीये रे, निरूपण करतोय." याहून चांगली दाद मी ऐकलेली नाही.

हयातीतला शेवटचा अल्बम त्यानं लॉस एंजेलिसच्या घरीच केला. पाठीचं दुखणं इतकं वाढलं होतं की खास आरोग्य-खुर्चीत बसून गायचा, आणि मुलगा सगळं जुळवून घ्यायचा. ऑक्टोबर 2016 मध्ये अल्बम आला, नोव्हेंबरच्या 7 तारखेला कोहेन गेला. त्याच वर्षी नोबेल मिळालेला डिलन मात्र 1988 पासून चाललेल्या आपल्या दौऱ्यावरच होता. डिलनची पट्टी हा विषयच नाही म्हणा. तो जुन्या गाण्यांच्या चाली इतक्या बदलतो, की दुसऱ्या कडव्यापर्यंत कोणतं गाणं चाललंय याचा पत्ता लागत नाही.

अनंत चतुर्दशीच्या शेवटच्या आरतीला नव्या पोरांपैकी एकानं धीर करून काकांना विचारलं, "काका, आज जरा वर घेऊ या का?" काकांनी पेटीवरून मान वर न करता पांढरी एक दाबली आणि त्याला म्हणाले, "तू घे की. मी खालून येतो." पोरगं खरंच वरच्या सप्तकातून सुटलं. ताणायची जागा आली, ते ताणत गेलं, लालबुंद झालं, थांबलं. खाली काकांचं अक्षर अजून चालूच होतं.