वरची माती चांगली, मग झाडं का वाळतात?

काटोलकडच्या एका संत्रा बागेचा माती परीक्षण अहवाल आमच्या विभागात आला, तेव्हा त्यात बोट ठेवावं असं काही सापडेना. सामू (पीएच) ७.९, क्षारता कमी, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर. तरी नाल्याकडच्या अंगाची झाडं शेंड्यापासून वाळत चालली होती, पानं पिवळी, फळ बारीक. वरच्या अंगाला मुरमाड हलक्या जमिनीत त्याच वयाची झाडं हिरवीगार उभी. काळी भारी जमीन म्हणजे सोनं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं, त्यामुळे भारीत झाड मरतंय आणि हलक्यात जगतंय हे बागवानाला पटेना.

अहवाल खोटा नव्हता. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना वरच्या १५ ते २० सेंटीमीटरचा घेतात आणि १२ घटक तपासतात. त्या बारांत सोडियम नाही. हंगामी पिकांना ते बऱ्यापैकी पुरतं. संत्र्याची अन्न घेणारी मुळंही बरीचशी वरच्याच थरात असतात, पण ती जगणार की कुजणार हे खालचा थर पाणी सोडतो की अडवतो यावर ठरतं. म्हणून फळबागेत खड्डा घेतल्याशिवाय निदान करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध याच प्रश्नावर होता. मे महिना मुद्दाम निवडला, कारण भेगा पूर्ण उघडलेल्या असतात आणि काळ्या मातीची घडण तेव्हा नीट दिसते. उन्हामुळे पहाटेच नागपूर सोडलं. दोन मजूर, टिकास, सब्बल, पावडी, घमेली, मातीचा रंग ताडून पाहायचा रंगतक्ता, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या आणि काचेचे सहा ग्लास एवढं सामान.

खड्डा दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल. पाहायची भिंत उन्हाकडे तोंड करून ठेवायची, पायऱ्या समोरच्या बाजूला काढायच्या. त्या भिंतीच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही, की माती टाकायची नाही. नाहीतर वरचा थर दबतो आणि नोंद चुकते. वरची माती एका अंगाला, खालची दुसऱ्या अंगाला टाकायची, म्हणजे बुजवताना ज्याची त्याला जागा मिळते. नमुने नेहमी तळापासून वर घ्यायचे. वरून सुरुवात केली तर वरची माती ओघळून खालच्या थरात मिसळते आणि प्रयोगशाळेला कितीही घासूनपुसून काम करू द्या, उत्तर बिघडलेलंच येतं.

मुरमाड बाजूच्या खड्ड्यात फार वेळ गेला नाही. अर्ध्या मीटरवर कुजलेला मुरूम, त्यात मुळं शिरलेली, आम्ल टाकल्यावर किंचित फेस, म्हणजे चुना थोडाच. नाल्याकडचा खड्डा मात्र पाहत राहावा असा होता. वरचे २० सेंटीमीटर भुसभुशीत, शेणखताचे अंश अजून दिसत होते. त्याखाली मातीची पाचरीच्या आकाराची ढेकळं, आणि चाकूने ढेकूळ सुटं केलं की आतून गुळगुळीत, चकाकणारी तिरपी पृष्ठं. चिकणमाती ओली होऊन फुगते, वाळून आकसते, एकमेकींवर घासते, त्यातून ती चमक येते. इथवर सगळं काळ्या जमिनीला साजेसंच. पण ४५ सेंटीमीटरच्या खाली ढेकळं दगडासारखी घट्ट झाली. चुनखडीचे खडे वाढले, आम्लाचा फेस उसळून वर आला. मुळं तिथे अक्षरशः आडवी वळली होती. जी दोन-चार खाली गेली होती त्यांची साल बोटाने ओढताच निघून आली, आत तपकिरी. संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या जंबेरी खुंटाचं पाणी साचल्यावर हेच होतं. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगकारकाला तेवढंच निमित्त लागतं.

बागवान काठावर बसून बघत होते. म्हणाले, “सर, पाऊस उघडल्यावरबी या अंगाले पाणी डबडबूनच राह्यते. आमाले वाटे, भारी जमीन हाये, राहीनच.”

ग्लास मांडले. प्रत्येकात डिस्टिल्ड पाणी आणि एका थराचं हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ, अलगद सोडलेलं. विहिरीचं पाणी इथे चालत नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे मातीचे कण एकत्र बसतात आणि दोष झाकला जातो. पहिल्या ग्लासातलं वरच्या थराचं ढेकूळ काही मिनिटांत फसफसून विस्कटलं, पण पाणी नितळ राहिलं. हे विस्कटणं वेगळं आणि विरघळल्यागत पसरणं वेगळं, यात विद्यार्थ्यांचा नेहमी घोळ होतो. ६० सेंटीमीटरच्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत दुधाळ वलय आलं. ते ग्लासाच्या तळाशी धुरासारखं सरकत गेलं आणि दोन तासांनी अख्खा ग्लास गढूळ. कणांवर सोडियम बसला की ते एकमेकांना धरून ठेवत नाहीत, सुटे होतात आणि पाण्याच्या बारीक वाटा बुजवतात. बागवानाने ग्लास उचलून उन्हात धरला, शेजारचा नितळ ग्लासही धरला. मग काही विचारलं नाही.

तरी माझं समाधान नव्हतं. वरच्या बागेला जुन्या विहिरीचं पाणी, खालच्या बागेला नंतर मारलेल्या बोअरचं. म्हणजे जमीनही वेगळी आणि पाणीही वेगळं. दोष कुणाच्या माथी मारायचा? म्हणून तिसरा खड्डा धुऱ्यापलीकडच्या कोरडवाहू तुरीच्या वावरात घेतला. तीच काळी माती, तोच उतार, ओलित कधीच नाही. तिथल्या ढेकळांभोवतीही ग्लासात दुधाळ वलय आलं, पण फक्त एक मीटरच्या खालच्या आणि तेही फिकट. म्हणजे दोष जमिनीत मुळातच थोडा होता. बोअरच्या पाण्याने तो वर आणला. प्रबंधाचा अर्धा निष्कर्ष त्या तिसऱ्या खड्ड्यात होता.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी तेच सांगितलं. वरच्या थराचा सामू ७.९, ६० सेंटीमीटरला ८.९. नुसता चुना सामूला साडेआठच्या पुढे सहसा नेत नाही, पुढे गेला की सोडियमचा संशय घ्यावा. बोअरच्या पाण्यातलं शिल्लक सोडियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट, लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या (आयन मोजायचं एकक) वर निघालं. ती धोक्याची हद्द. विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांवर बसलेल्या सोडियमची, टक्केवारी ११ आली. पुस्तकी हद्द १५ आहे, त्यामुळे “चोपण (सोडियमने बिघडलेली) नाही” असा शेरा सहज पडला असता. पण ती हद्द १९५४ साली अमेरिकेत ठरलेली. आपल्या पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवरच्या अभ्यासांत ५ च्या आसपासच पाण्याचा निचरा मंदावलेला दिसतो, कारण फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण इथे फार मोठं आहे.

आणखी एक खाच आहे. चुनखडीच्या मातीत अमोनियम ॲसिटेटने कॅल्शियम काढला तर चुनाही विरघळतो. मग कॅल्शियम, सोडियम अशा सगळ्या धन आयनांची बेरीज करून मातीची विनिमय क्षमता, म्हणजे हे आयन धरून ठेवायची ताकद, काढली की ती फुगते आणि सोडियमची टक्केवारी खोटीच कमी दिसते. म्हणून क्षमता सोडियम ॲसिटेटने, ८.२ सामूला, वेगळी मोजावी.

बागवानाला आधी निचरा सांगितला. ओळींमध्ये खोल चर, त्यांना नाल्याकडे तोंड. जिप्सममधला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो, पण निचरा नसताना ते टाकणं वाया जातं, कारण सुटलेला सोडियम जायला वाट हवी. मग वरच्या १५ सेंटीमीटरसाठी, १०० ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम घालवायला हेक्टरी साधारण १.७ ते २ टन शुद्ध जिप्सम, पावसाआधी पसरून. बोअरचं पाणी वापरायचंच असेल तर लिटरमधल्या शिल्लक कार्बोनेटच्या दर मिलिइक्विव्हॅलंटमागे हजार लिटरला ८६ ग्रॅम जिप्सम त्यात विरघळायला हवं. म्हणून पाणी आधी जिप्समच्या थरातून जाऊ द्यायचं, आणि जमेल तेवढं विहिरीचं पाणी मिसळायचं. खालचा थर एका पावसाळ्यात सुधारत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मेलेल्या झाडांच्या जागी लगेच संत्रा लावू नका म्हटलं. पुढच्या मे महिन्यात त्याच जागेशेजारी पुन्हा खड्डा घ्यायचा आणि तेच ग्लास मांडायचे, असं ठरलं आहे.