शेवंतीच्या ठाणाचा शोध: पावसाळ्यातली प्रगती

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली माझी मारवाडी घोडी शेवंती सध्या बारामतीजवळ एका मित्राच्या शेतावर आहे. तिथे तिला काही कमी नाही, पण पुण्याहून रोज जाणं होत नाही आणि मित्रालाही ती जागा आता गोठ्यासाठी हवी आहे. म्हणून शहराजवळ तिच्यासाठी नवं ठाण, म्हणजे राहायची जागा, शोधते आहे: पैसे घेऊन दुसऱ्याचा घोडा सांभाळणारा बोर्डिंगचा तबेला. मुळशी, खेड शिवापूर आणि वाघोलीच्या बाजूचे तबेले बघून झाले, आणि यादी आता दोनांवर आली आहे.

सुरुवातीलाच मी एक ठरवलं होतं: अरीना, म्हणजे घोडा चालवायचं वाळूचं मैदान, शेवटी बघायचा. वाळू किती खोल, दिवे आहेत का, उड्यांचे खांब किती, हे सगळं मालक हौसेने दाखवतात आणि त्यात तासभर जातो. शेवंती अरीनात असणार दिवसातून एखादा तास. उरलेले तेवीस तास ती कोणाच्या हाती असेल, हे मला कळायला हवं होतं.

त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न रात्रीच्या गवताचा. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झिरपत असतं, चारा असो वा नसो. चावताना सुटणारी लाळच ते आम्ल शमवते. संध्याकाळी सहाला चंदी (धान्याचा खुराक) आणि मूठभर गवत दिलं, मग थेट पहाटे पाचला, म्हणजे मधले अकरा तास पोट रिकामं. अल्सर आणि पोटशूळ अशाच दिनक्रमात वाढतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वरच्या वाटेने बाहेर पडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो, आणि त्यातला मोठा वाटा रात्रीसाठी ठेवणारा तबेला मला हवा होता.

मी रात्री नऊच्या सुमाराला येऊन बघायची परवानगी मागायचे. काही जणांनी "रात्री कशाला, ताई? सकाळी या, सगळं व्यवस्थित दाखवतो" असं सांगितलं. ती नावं मी तिथेच खोडली. खेड शिवापूरच्या बाजूला मात्र एका वयस्कर सईसमामांनी (सईस म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा) स्वतःच बोलावलं. ते जाळ्यांमध्ये गवत भरत होते. एका घोडीपाशी थांबून त्यांनी टॉर्च लीदेवर मारला आणि म्हणाले, "हिची लीद सकाळपासून कोरडी येतेय, पाणी कमी पितेय. मालकांना फोन केलाय." त्या तबेल्यात पाण्याचे आपोआप भरणारे वाडगे नाहीत, साध्या बादल्या आहेत. मला बादल्याच बऱ्या वाटतात. २५ ते ३० लिटर पिणारी घोडी आज १० वर आली, तर बादलीत ते दिसतं. वाडग्यात ते कोणालाच कळत नाही.

या मामांकडे चार घोडे आहेत. एका सईसकडे चारापेक्षा जास्त घोडे असले, की खरारा उरकला जातो आणि खूर तपासायचे राहून जातात, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात ओल्या लीदेत उभ्या घोड्याच्या खुराखालचा मऊ त्रिकोणी भाग सडायला फार दिवस लागत नाहीत. काळा, कुबट वासाचा स्राव दिसला की समजावं. म्हणून मी मालकांना सईसचा पगार, सुट्टी, तो कधीपासून आहे, आणि तो गावी गेला की त्याचं काम कोण करतं, हे सरळ विचारते. काही मालकांना हे प्रश्न खटकतात. पण सईस दर दोन-तीन महिन्यांनी बदलत असेल, तर घोड्याची चाल आज जराशी वेगळी आहे हे ओळखणारं माणूसच तिथे नसतं.

वाघोलीच्या बाजूचा एक तबेला दिसायला सगळ्यात देखणा होता. बारा बाय बारा फुटांच्या खोल्या, उंच छत, भरपूर वारा. पण त्याच आवारात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे आणि दोन्हीकडचं खाद्य एकाच गोदामात, शेजारी शेजारी. कोंबड्यांच्या खाद्यात अनेकदा मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर ते घाला घालतं आणि त्यावर उतारा नाही. एक घमेलं चुकीच्या पोत्यातून भरलं गेलं की संपलं. हे सांगितल्यावरही गोदाम वेगळं करायची तयारी दिसली नाही, म्हणून ती जागा सोडली.

मुळशीकडे अडचण पावसाची. तिथले लोक मनापासून काम करतात, पण जुलैत गोदामात शिरल्याबरोबर कुबट वास आला. गवताच्या गंजी थेट जमिनीवर, खाली फळ्या नाहीत. मक्याला बुरशी लागली, तर तिचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. मालकांनी लगेच फळ्या टाकून घेतल्या आणि मका चंदीतून काढून टाकला. म्हणून हा तबेला अजून यादीत आहे.

आजारांबाबत मी एक कागद आधी मागते: तिथल्या सगळ्या घोड्यांचे ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचे अहवाल. हा रोग माणसालाही होतो. २००९ च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि घोडा पॉझिटिव्ह ठरला तर त्याला दयामरणच द्यावं लागतं. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. दोन्ही ठिकाणी अहवाल दाखवले. नव्या घोड्याला काही दिवस वेगळं ठेवायची सोय मात्र फक्त खेड शिवापूरला आहे, वेगळ्या बादल्या आणि वेगळ्या खराऱ्यासकट. माझ्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. शिवाय मुळशीच्या तबेल्याला लागून म्हशींचा गोठा आहे. पावसाळ्यात गोमाश्या इकडून तिकडे जातात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. धनुर्वाताची लस सगळीकडे वेळेवर दिलेली होती, त्यात काही प्रश्न नाही.

करार लिहून घेणार आहे. मी फोनवर सापडले नाही, तर डॉक्टरांना कोण बोलावणार आणि किती खर्चापर्यंत माझी आगाऊ संमती, हे त्यात असेल. माझ्या परवानगीशिवाय शेवंतीवर कोणीही बसणार नाही, शिकाऊ तर नाहीच, हेही. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येईल आणि मी शक्य तेव्हा हजर राहीन. तिचं विश्रांतीतलं तापमान, नाडीचे ठोके (३६ च्या आसपास) आणि श्वास लिहिलेला पुठ्ठा ठाणावर टांगणार आहे, म्हणजे रात्री काही बिघडलं तर तुलना करता येईल.

सध्या माझा कल खेड शिवापूरकडे आहे. हलवताना बारामतीची लसूणघास, गवत आणि चंदी सोबत नेईन आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू नव्यात मिसळेन. खाद्य एकदम बदललं की आतड्यातले जंतू बिघडतात. एक प्रश्न अजून सुटलेला नाही: पाऊस उघडेपर्यंत थांबावं, की श्रावणातच न्यावं? घाटाच्या पायथ्याशी ओल्या हवेत मारवाडी घोडी पहिल्यांदा ठेवलेलं कोणी असेल, तर खुरांची आणि त्वचेची काळजी कशी घेतली ते नक्की सांगा.