इथे वाद घालायचा नाही

टेबलावर एक कागद ठेवला होता. स्वतःच्या अनुभवापुरतंच बोला. दुसऱ्याच्या श्रद्धेवर मत देऊ नका. कुणाला काही पटवून देऊ नका. वाद टाळा. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात आंतरधर्मीय सप्ताह असतो, त्यातल्या आमच्या स्विंडनच्या एका कार्यक्रमातला हा कागद. घरी आले, जेवणं झाली, मुलं झोपली, तरी तो डोक्यातून जाईना. म्हणून आज लिहायला बसले.

कार्यक्रम वाईट नव्हता, हे आधीच सांगते. चर्चचा हॉल, प्रत्येक टेबलावर निरनिराळ्या धर्मांची माणसं मिसळून बसवलेली. शीख मंडळींनी सगळ्यांना प्रेमाने वाढलं. एका ज्यू आजोबांनी शब्बाथच्या मेणबत्त्यांबद्दल सांगितलं. मी नाताळच्या करंज्यांबद्दल आणि पेटी-तबल्यावर होणाऱ्या आमच्या भजनांबद्दल बोलले. प्रत्येकाचं झालं की बाकीचे ‘किती छान’ म्हणायचे. पण हे खरं आहे का, ज्यापायी माणसं धर्म धरतात नि सोडतात तो प्रश्न, कुणी कुणाला विचारला नाही. विचारता येतच नव्हता. नियमात बसत नव्हता.

निघताना एका बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, “तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?” मी म्हटलं, जन्मापासून आहे. “हो, पण तुमचं कुटुंब?” पणजोबांच्या वेळी. “म्हणजे आमच्या लोकांनी...” एवढं बोलून त्या ओशाळल्या. माझ्या श्रद्धेबद्दल त्यांना माझीच क्षमा मागायची होती. नगरला १८३१मध्ये मिशन काढलं ते अमेरिकेतून आलेल्या लोकांनी, हे मी सांगितलं, पण त्याने फारसा फरक पडला नाही. माझ्या पणजोबांनी स्वतःच्या बुद्धीने काही ठरवलं असेल, याला त्या क्षमायाचनेत जागाच नव्हती.

पुण्यात कॉलेजला असताना हाच प्रश्न मला वेगळ्या सुरात विचारायचे. “तुम्ही मूळचे कोण?” नाव मराठी, आडनाव मराठी, मग रविवारी चर्चला कशी जाते, याचा उलगडा त्यांना हवा असायचा. तिथे संशय होता, इथे अपराधीपण आहे. मला दोन्ही नकोत. आणि दोन्हींना उत्तर द्यायचं तर वाद घालावा लागतो.

नियमामागचं कारण मला कळत नाही असं नाही. २०२४च्या उन्हाळ्यात साउथपोर्टला मशिदीवर जमाव चालून गेला, दंगल गावोगाव पसरली. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली एक मुसलमान सहकारी तेव्हा बसने यायला घाबरत होती, आम्ही आळीपाळीने तिला गाडीतून आणायचो. अशा दिवसांत एका हॉलमध्ये बसून माणसं एकमेकांचं ऐकतात, ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी कुणीतरी खुर्च्या लावतं, चहा करतं, पत्रकं छापतं, तेही विनामोबदला. मनापासून आदर वाटतो. तरीही मला वाटतं की हा नियम माणसाला लहान करतो. तुझी श्रद्धा इतकी नाजूक आहे की प्रश्न विचारला तर तुटेल, असं तो समोरच्याला न बोलता सांगतो.

असं वाटण्याचं कारण इथून गाडीने तासाच्या आत येणाऱ्या गावात आहे. वाँटेज. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आणि जवळच सेंट पीटर अँड सेंट पॉल हे जुनं चर्च. २९ सप्टेंबर १८८३ला पंडिता रमाबाई आणि त्यांची चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा या गावात झाला. पुण्यात पंच हौदाला ज्या सिस्टरांचं काम होतं, त्यांचा मूळ मठ इथला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा आदल्याच वर्षी गेला होता. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कान साथ देत नव्हते. सोबत आलेल्या मैत्रिणीने याच गावात आत्महत्या केली. या सगळ्यातून ही बाई बाप्तिस्म्यापर्यंत आली, आणि त्यानंतर गप्प बसली का? मुळीच नाही.

बाप्तिस्मा घेतला आणि सिस्टर जेराल्डीनशी वाद सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन म्हणजे रमाबाईंची धर्ममाता. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त मला पटत नाही, तो बायबलमध्ये दाखवा, असं रमाबाई म्हणत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना कळतील अशी संस्कृत का नकोत, हा त्यांचा आग्रह होता. अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. हा जातीचा अभिमान सुटलेला नाही म्हणून सिस्टरांनी बोल लावले, तरी रमाबाई शाकाहारीच राहिल्या. मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सिस्टरांना कळवलं. ज्यांच्या आधाराने राहत होत्या त्यांनाच! चेल्टनममध्ये त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. इंग्रज मुलग्यांना त्यांनी शिकवावं का, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्याचंही उत्तर त्यांनी दिलं. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७मध्ये इंग्रजीतून छापली. मिळाली तर वाचाच. दोन धर्मांमधला, दोन देशांमधला संवाद कसा असतो ते मला त्या पत्रांनी शिकवलं. तिथे राग आहे, रुसवा आहे, माया आहे. आणि दोघी शेवटपर्यंत एकमेकींना गंभीरपणे घेतात.

इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. महात्मा फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. स्वतः ख्रिस्ती न होता घेतली.

मराठी माणसाला या वादांचं वावडं कधीच नव्हतं. १८३१मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यात धर्मावर जाहीर वाद झाला. १८५७मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना जाहीर प्रश्न विचारत होते आणि लोक ऐकायला गर्दी करत. त्यांतल्या काही युक्तिवादांनी माझ्या धर्माला लागतं, मलाही लागतं. पण ज्यांनी ते केले त्यांनी बायबल उघडून वाचलं होतं. हल्ली दोन्ही बाजूंची किती माणसं एकमेकांचं पुस्तक उघडतात?

वाँटेजपेक्षाही जवळ, स्विंडनच्या दुसऱ्या अंगाला, विल्टशरच्या शेतांमध्ये बुश्टन नावाचं खेडं आहे. जेझुइट मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स इथले. १५७९मध्ये लिस्बनहून निघून गोव्याला पोचले, पुढची चाळीस वर्षं तिथेच काढली, आणि १६१६मध्ये तिथल्याच राचोलला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, आमच्या भाषेच्या अपरंपार कौतुकासह. आज स्विंडनमध्ये गोवेकर इतके आहेत की बसमध्ये कोकणी कानावर पडतेच. चारशे वर्षांपूर्वी इथला मुलगा तिकडे गेला आणि आता तिथली मुलं इकडे राहायला आली आहेत. बुश्टनला गेले तेव्हा मला आनंद झाला, अभिमान वाटला. हा माणूस आमचा आहे असं वाटलं.

हे मी माझ्या एका मैत्रिणीला उत्साहाने सांगत होते. ती पुण्याची, सारस्वत, इथे शाळेत शिकवते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझा फादर ओव्या रचत होता त्याच्या आधीच आमच्या मंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला जावं लागलं होतं. देव नदीपार न्यावा लागला. ते का, हे माहीत आहे ना?” माहीत आहे. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, १५६७मध्ये गोव्याच्या साष्टीतली देवळं पाडली गेली. ज्यांची पुराणं हिरावून घेतली, त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं, म्हणून हे पुराण लिहिलं गेलं. पुढे १६८४मध्ये तर पोर्तुगीज सरकारने कोकणीवरच बंदीचा हुकूम काढला. स्टीफन्सच्या मायदेशात त्याच काळात कॅथलिकांचा छळ चालू होता, त्यांचा जिवलग मित्र तुरुंगात होता, हेही खरं. पण त्याने मंगेशाचं स्थलांतर भरून निघत नाही, आणि मी तसं भासवलंही नाही. मी तिला एवढंच म्हटलं की देवळं पाडणाऱ्यांनी आमची भाषा शिकायची तसदी घेतली नव्हती, याने घेतली. हा फरक मला मोठा वाटतो. तिला तो पुरेसा वाटत नाही. आमचं एकमत झालेलं नाही. मात्र त्या रात्री तिने माझ्याकडून पुस्तक मागून नेलं आणि दोन दिवसांनी फोनवर मला ओव्या म्हणून दाखवल्या, ज्ञानेश्वरीच्या चालीत. माझ्यापेक्षा तिला त्या चांगल्या जमतात.

टेबलावरच्या नियमाप्रमाणे आम्हा दोघींचं हे संभाषण झालंच नसतं.

आता एक गोष्ट, जी इथल्या टेबलावरही निघत नाही आणि आपल्याकडेही नाही. मराठी ख्रिस्ती म्हटलं की रमाबाई आणि रेव्हरंड टिळक ही दोनच नावं लोकांना आठवतात. मलाही आधी तीच सुचली. टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, आणि त्यांची भजनं म्हणतच मी मोठी झाले. पण दोघंही ब्राह्मण, म्हणून त्यांचा धर्मबदल हा विचार ठरला. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधून हजारो माणसं ख्रिस्ती झाली, त्यांचा धर्मबदल मात्र ‘दुष्काळात धान्य मिळालं म्हणून’. माझे पणजोबा त्यांतले. धान्य मिळालं असेल. पण देवळाच्या पायरीवरही उभं राहू न देणाऱ्या गावात कुणीतरी त्यांना शेजारी बसवून वाचायला शिकवलं, हे त्यांनी मोजलं नसेल? त्यांनी पत्रं लिहिली नाहीत, म्हणून त्यांना विचार नव्हता असं कुणी म्हणू नये. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, हे ठाऊक असूनही आमची मंडळी चर्चमध्ये टिकली. यात कसला फायदा होता?

नगरचे नातेवाईक फोनवर म्हणतात, तुझं बरं, ख्रिस्ती देशात राहतेस. त्यांना सांगून पटत नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनीच स्वतःला ख्रिस्ती म्हटलं, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. धर्म नाही असं लिहिणारे ३७.२ टक्के. आमच्या इथल्या चर्चमध्ये माझ्या वयाची माणसं थोडी, आणि त्यांतही आफ्रिकेतून, केरळमधून आलेलीच जास्त. महाराष्ट्रात २०११मध्ये आम्ही १०.८ लाख होतो, शंभरात एकही नाही, तरी नगरला नाताळच्या उपासनेला उभं राहायला जागा मिळत नाही.

मी इकडे पगारासाठी आले, धर्मासाठी नाही. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तिथे राहून धीराने टिकणारे माझ्याहून कमी शहाणे आहेत असं माझं म्हणणं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्माचं कारण काढून त्यांच्या निवडीला विरोध झाला. ज्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, त्यांना मराठीपणाचा दाखला मागितला गेला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण ते संमेलन झालं, त्यांनाच अध्यक्ष करून झालं, हेही मी इथल्या लोकांना आवर्जून सांगते. आपल्याकडचं वाईट ऐकायला इथे उत्सुक कान बरेच भेटतात. त्यांना खाद्य पुरवायची माझी इच्छा नाही. आणि आपल्याकडे अजून माणसं भांडतात, म्हणजे त्यांना देवाचं काही पडलेलं आहे. इथे बहुतेकांना तेवढंही उरलेलं नाही.

वॉर्डातल्या ज्या सहकारीचा वर उल्लेख केला, तीही त्या संध्याकाळी कार्यक्रमाला होती, पलीकडच्या टेबलावर. परवा रात्रपाळीत चहा घेताना तिने एकदम विचारलं, “तुझा येशू देव आहे, तर क्रुसावर तो प्रार्थना कुणाला करत होता?” एवढा सरळ प्रश्न मला इंग्लंडमध्ये कुणी केला नव्हता. मी तिला बायबलमधलं बावीसावं स्तोत्र सांगितलं, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा येशूचा क्रुसावरचा आक्रोश त्यातूनच येतो. तेच स्तोत्र पुढे स्तुतीवर संपतं, हेही सांगितलं. रमाबाईंनाही त्रैक्य सहजासहजी पटलं नव्हतं, ते सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. मग मी विचारलं, “तुमच्या कुराणात म्हटलंय की त्याला क्रुसावर मारलंच नाही, लोकांना तसा भास झाला. मग त्याच्या आईलाही भास झाला का? तिला अल्लाहने का रडू दिलं?” ती बराच वेळ विचार करत राहिली. म्हणाली, हा प्रश्न चांगला आहे, मामांना विचारते, ते अरबी शिकलेले आहेत. तेवढ्यात सात नंबरची घंटा वाजली.

येत्या आठवड्यात आमच्या दोघींच्या रात्रपाळ्या परत एकत्र आहेत. तिचे मामा ब्रॅडफर्डला असतात, शनिवारी ती त्यांच्याकडे जाऊन येणार आहे. मी नगरला आमच्या पाळकसाहेबांना फोन लावला. त्यांनी मला आधी योहानाचं शुभवर्तमान पहिल्यापासून नीट वाचून काढायला सांगितलं आहे, आणि ती काय उत्तर आणते ते त्यांना लगेच कळवायचं आहे.