उरुसाची टिपणं

गुरुवार

माहीमचा, मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याचा, उरूस सुरू झाला. डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या आसपास सुरुवात, मग दहा दिवस संदल (चंदनाची मिरवणूक), पाळणे, हलवा-पराठा. पहिलं संदल पोलिसांचं, हा रिवाज सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. दर्ग्यात कव्वाल काय करतो ते मात्र गर्दीतल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं. टाळ्या आणि वरच्या सप्तकातली आरोळी एवढ्यावर बहुतेकांची कव्वाली संपते.

बैठकीचा क्रम ठरलेला असतो. आधी हम्द, म्हणजे ईश्वराची स्तुती. मग नात, पैगंबरांची. मग मन्कबत, हजरत अलींची आणि ज्यांच्या दारी बसलो त्या पीराची. चिश्ती या सूफी परंपरेतल्या बैठकीची सुरुवात कवी अमीर खुस्रोंच्या नावावर असलेल्या कौलाने, म्हणजे पैगंबरांच्या वचनावर बांधलेल्या चिजेने होते आणि शेवट त्यांच्याच नावच्या ‘रंग’ या चिजेने. मधल्या भागात गझल, काफी, पूरबी चिजा. क्रम मोडला तर जाणकार तोंडावर काही बोलत नाहीत. पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही, इतकंच.

मन्कबतीत आळस लगेच उघडा पडतो. अजमेरच्या ख्वाजांसाठी बांधलेल्या चिजेत नुसतं नाव बदलून माहीममध्ये गायलं तर ते ऐकणाऱ्याला कळतं. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे विद्वान होते, त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. आईने पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत ती झोपली, तर हा मुलगा पेला घेऊन रात्रभर उशाशी उभा राहिला ही कथा माहीमच्या घराघरांत आहे. ती ओळ आली की मागे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. हे ज्याला माहीत नाही त्याचा गळा कितीही तयार असो, इथे तो पाहुणाच.

शुक्रवार

हाजी अलीला, समुद्रातल्या दर्ग्यात, गाणाऱ्यांचं पहिलं वेळापत्रक समुद्राचं. भरतीला रस्ता पाण्याखाली जातो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या शुक्रवारची वेळ या शुक्रवारी चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं. पेट्या आणि ढोलक पाणी चढायच्या आधी आत न्यावे लागतात. अजान झाली की गाणं थांबतं, नमाजानंतर पुन्हा सुरू.

खाऱ्या हवेचा पहिला मार पेटीवर. पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या पातळ पात्यांवर, हिरवट थर धरतो आणि स्वर उतरतो. सूर उतरला असेल तर पात्याच्या जिभेचं टोक हलकं खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी खरवडायचं. दोन्हीकडे घाई केली तर सूर कायमचा जातो. एखादी पट्टी भसाभसा वाजायला लागली तर लगेच कानस घेऊ नये. बऱ्याचदा जिभेखाली केस किंवा धुळीचा कण अडकलेला असतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या दाबलेल्याच राहतात. भात्याच्या घडीला भोक पडलं तर गाणाऱ्याचा डावा हात दुप्पट वेगाने चालतो, आणि मग ती धाप गळ्यातही ऐकू येते.

ढोलकाची तऱ्हा वेगळी. डाव्या, मोठ्या पुडीला आतून मसाला असतो: डांबर, माती, वाळू. घुमारा त्याचाच. दमट हवेत कातडं सैलावतं आणि घुमारा बसतो. वाजवणारा बोल्ट आवळत जातो, नंतर ढोलक तसंच सुक्या, गरम खोलीत ठेवलं की पुडी रात्रीत फाटते. कार्यक्रम संपल्यावर ताण उतरवूनच गवसणी घालायची.

शनिवार

खरी कमाई वहीत असते. तिला बयाज म्हणतात. उर्दू, फारसी, ब्रज, पूरबी, पंजाबी अशा शेकडो शेरांची ती पुंजी, पण छापील पुस्तकासारखी कवीवार लावलेली नसते. विरह, वाट पाहणं, दर्शन, शरणागती, तक्रार, अशी विषयवार असते. कारण गाताना लागतो तो कवी नव्हे, लागतो तो त्या क्षणाला बसणारा शेर. आणि बैठकीत वही उघडायची नसते.

हा शेर मूळ ओळीला जोडायचा म्हणजे गिरह बांधायची. समजा मूळ ओळ सखा घरी आल्याची आहे. कव्वाल तिथे थांबतो, ठेका हलका होतो, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाट पाहण्याचा शेर लयीबाहेर, मोकळा म्हणतो. त्या शेराचा दुसरा मिसरा, म्हणजे दुसरी ओळ, असा संपायला हवा की मूळ ओळ आपोआप त्याचं उत्तर वाटावी. नेमक्या त्या जागी ढोलक समेवर येतो आणि साथीदार, म्हणजे हमनवा, ओळ उचलतात. कीर्तनकार निरूपण करत करत पुन्हा अभंगाच्या चरणावर येतो आणि टाळकरी तो झेलतात, तसंच हे. फक्त इथे निरूपणही पद्यातच करावं लागतं आणि तेही पाठ असलेल्या.

बिघडतं कुठे? गिरह लांबली की मूळ ओळ श्रोत्याच्या डोक्यातून निसटते. दोन-तीन शेरांवर चौथा चढवणं हा बहुधा गायकाच्या हौसेचा भाग. दुसरं, भाव उलटा पडतो: स्वागताच्या ओळीला तक्रारीचा शेर. तिसरं सगळ्यात वाईट. नात चालू असताना साकी-शराबचा शेर घालणं ही बेअदबी मानतात, प्रतीकाचा अर्थ कितीही उंच असला तरी. शिवाय उच्चार आहेतच. ख आणि ख़ मधला फरक न करणारा गळा उर्दू जाणणाऱ्याला पहिल्याच शेरात गमावतो. मुंबईच्या पोरांची जीभ इथेच अडखळते.

गिरहपेक्षा अवघड तकरार, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा. गायकाची नजर श्रोत्यांवर असते. कुणाची मान डोलते, कुणी ‘हक’ (सत्य) म्हणतं, कुणाचे डोळे भरतात. तो माणूस ज्या शब्दावर हलला तो शब्द सोडायचा नाही. आधी पूर्ण ओळ, मग अर्धी, मग शेवटचे दोन शब्द. लय एकदम वाढवायची नाही, आधी नुसतं वजन वाढवायचं. कुणी भावावस्थेत उठून उभा राहिला तर बैठकीतला ज्येष्ठ शेख, म्हणजे सूफी गुरू, उभा राहतो, मग सगळेच. तो शांत होईपर्यंत ओळ बदलायची नाही. यामागे १२३५ ची आठवण आहे. दिल्लीत चिश्ती संत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी एका फारसी शेरावर बेभान झाले आणि त्याच अवस्थेत गेले. पहिल्या मिसऱ्यावर प्राण जाई आणि दुसऱ्यावर परत येई, अशी आख्यायिका आहे. जुने कव्वाल आजही ती जबाबदारी म्हणून सांगतात, चमत्कार म्हणून नव्हे.

जत्रेत खोटा हालही, म्हणजे भावावस्थेचं सोंगही, असतं. ज्याचं लक्ष मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे आधी जातं, त्याच्यासाठी चांगला कव्वाल ओळ धरून ठेवत नाही, हसून पुढे जातो.

सोमवार

टाळीबद्दल. आठ मात्रांचा केहरव्याच्या घरातला ठेका. विलंबात टाळी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, लय चढली की दाट होत जाते. तळवा किंचित खोलगट ठेवायचा. सपाट तळव्याने तासाभरात हात सुजतात आणि आवाजही चिरका येतो. घरातला मुलगा बैठकीत पहिल्यांदा येतो तो याच कामाला, मागच्या रांगेत. गळा नंतर.

मंगळवार

रात्री दहाचा नियम. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा लाउडस्पीकर दहाला बंद होतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. नियम रास्तच आहे, शेजारी आजारी आणि परीक्षेची मुलं असतात. पण रात्रभराची मैफल तीन तासांत बसवली की आधी कापली जाते ती तकरार. उरतात लोकप्रिय चिजा. दर्ग्याच्या आत विनालाउडस्पीकर बैठक होते तिथेच अजून सावकाश काही ऐकायला मिळतं.

माइकनेही घात केला. पूर्वी सगळ्या पार्टीपुढे एक माइक असायचा. मोठ्या आवाजाचा मागे सरकायचा, शेर म्हणणारा पुढे झुकायचा. आता प्रत्येकाला माइक आणि वर भरपूर इको. शेर चालू असताना इको पूर्ण बंद हवा, नाहीतर शब्दावर शब्द चढतो. हमनवांना मुख्य गळा ऐकू येईल असा स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून लावावा. तो नसेल तर ते अंदाजाने ओरडतात आणि सूर चढत जातो.

मुंबईने कव्वालीला रंगमंचही दिला. इस्माईल आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझां यांनी ती दर्ग्याबाहेर नेली, बुलबुलतरंग (पट्ट्या असलेलं तारवाद्य) जोडला, मुकाबले गाजवले. शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण तेच मुकाबले आपल्या चाळींत, पटांगणांत शिरले. प्रल्हाद शिंदे कव्वालीही गात, विठ्ठलाची गाणीही आणि भीमगीतंही. १४ एप्रिलला वस्तीतल्या मंचावर जो ठेका आणि जी सवाल-जवाबाची रचना ऐकू येते, तिच्यात कव्वालीचा वाटा मोठा आहे.

बुधवार

गळ्याचं. जुन्या काळी माइक नव्हता म्हणून पट्टी वर ठेवायची, काळी तीन-चार. माइक आला तरी पट्टी खाली आली नाही, कारण वरच्या सुरातली ती धार लोकांना हवी असते. रात्री गळा थकला म्हणून मध्येच पट्टी उतरवता येत नाही. पेटीवर होईल, पण बुलबुलतरंगाच्या तारा, तबला, सगळं नव्याने लावावं लागतं आणि बैठक थंडावते. म्हणून पट्टी दुपारीच, शेवटची चीज डोक्यात धरून ठरवतात.

पहाटे खर्ज, कामापुरतं बोलणं, कोमट पाणी. धोक्याची खूण अशी: वरचा सा मोठ्याने लागतो, पण हळू आवाजात लागत नाही. तसं झालं की काही दिवस हमनवांत बसायचं, शेर भावाला किंवा मुलाला द्यायचे आणि थेट गळा बघणाऱ्या डॉक्टरकडे जायचं. उरुसात हे कुणी करत नाही. नजराण्याचे दिवस असतात, मुख्य गायकाचा हिस्सा मोठा असतो आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांची घरं त्या दहा दिवसांवर अवलंबून असतात.