मोबाइल डेटावर चपलेची वेणीच दिसेना

2016 सालची गोष्ट. मामांचं कोल्हापुरात चप्पल लाईनीत दुकान आहे, त्यांच्यासाठी मी छोटी वेबसाइट केली होती. फोटो सकाळच्या उजेडात, अंगणात काढले. कोल्हापुरीचं सगळं कसब वेणीत आणि वादीच्या शिलाईत असतं, ते दिसलंच पाहिजे हा माझा हट्ट.

मामांनी दुकानात बसून साइट उघडली. "आरं, वेणी कुठाय ह्यात? नुसता चिखल दिसतोय."

त्यांचाच फोन घरच्या वाय-फायवर लावला, तर फोटो स्वच्छ. मग दोन्हीकडून एकच फोटो उतरवून घेतला. वाय-फायवर 312 केबी, मोबाइल डेटावर 58. लांबी-रुंदी तीच, पत्ताही तोच.

साइट साध्या एचटीटीपीवर होती, म्हणजे मजकूर वाटेत कुणालाही उघडा. मोबाइल कंपनीचा प्रॉक्सी, म्हणजे वाटेतला मधला सर्व्हर, नेटवर्कवरचा भार कमी करायला जेपेग (फोटोची फाइल) पुन्हा दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, पुढे पाठवत होता. जेपेग दाबताना आधी बळी जातात ते बारीक तपशील, आणि वेणी म्हणजे बारीक तपशीलच. कारागिराची मेहनत अशी न विचारता पुसली जाते याचा मला फार राग आला.

आधी सर्व्हरच्या सेटिंगच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये 'कॅश-कंट्रोल: नो-ट्रान्सफॉर्म' हेडर, म्हणजे फोटोसोबत जाणारी सूचना, घातलं. वाटेत फेरफार करू नका, ही सूचना एचटीटीपीत 1997 पासून आहे. माझ्या सिमवर फरक पडला, मामांच्या सिमवर नाही. सूचना पाळायला भाग पाडणारं मधे कुणी नसतं.

मग एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर वाटेत कुलूपबंद. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, मुदत तेव्हा 90 दिवसांची होती. ते बसवलं, तरी फोटो धूसरच! यात अख्खी संध्याकाळ गेली. पान एचटीटीपीएसवर आलं होतं, पण आतल्या फोटोंचे पत्ते मी जुनेच, एचटीटीपीचे ठेवले होते. ब्राउझर ते निमूट दाखवत होता, फक्त कुलपाचं चिन्ह गायब. सगळे पत्ते बदलले, फोनमधली कॅश, म्हणजे साठून राहिलेल्या जुन्या प्रती, पुसली. आता प्रॉक्सीला आतलं काही वाचताच येत नव्हतं, मग दाबणार काय?

(साइट दुसऱ्याची आणि एचटीटीपीवरच असेल, तर बघणाऱ्याने व्हीपीएन लावावा, त्यातून मजकूर मोबाइल कंपनीच्या वाटेवर कुलूपबंद जातो.)

मामांनी दुकानातूनच पुन्हा उघडून पाहिलं, बोटांनी फोटो मोठा केला आणि ती वेणी घालणाऱ्या कारागिराला हाक मारून मोबाइल त्याच्या हातात दिला.